२०१७ची बोंडअळी आणि ते १२० ग्रॅमचं पाकीट

२०१७च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. राळेगावकडे आमच्या मोठेबाबांचं सात एकर वावर, कोरडवाहू, पूर्ण कपाशी. पहिली वेचणी बरी निघाली होती, पऱ्हाटी खांद्याला लागत होती, बोंडं लगडलेली, बांधावरून कोणीही बघितलं असतं तर म्हणाला असता यंदा पाटलाची चांदी आहे. मोठेबाबांनी एक हिरवं टणक बोंड तोडलं, बाहेरून एकदम स्वच्छ, ना भोक ना डाग, आणि विळ्याच्या टोकाने उभं चिरलं. आत एक कप्पा सडका, कापूस पिवळा पडून चिकटलेला आणि सरकी पोखरून तिच्यात गुलाबी पट्ट्यांची अळी आरामात बसलेली. दुसरं चिरलं, त्यातही. दहा बोंडं चिरली, सातांत अळी. मग विळा खाली ठेवून एवढंच म्हणाले, "काहून रे, तुमच्या कॉलेजात बीटी बीटी म्हणत होते ना?"

मी बीएस्सी अॅग्री झालेला, घरातला एकमेव, त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं आणि तेव्हा ते मला धड देता आलं नाही. "बीटी फेल गेली मोठेबाबा" असं काहीतरी पुटपुटलो. (बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी कपाशी.) गावात सगळे तेच म्हणत होते, टीव्हीवर तेच चालू होतं. नंतर बरीच वर्षं हे डोक्यात होतं, बरंच वाचलं, आणि आता मला ते वाक्य अर्धवट वाटतं. फेल गेलं हे खरं, पण नेमकं काय फेल गेलं? ते समजायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, कंटाळू नका.

नव्वदीतली कपाशी ज्यांनी केली त्यांना विचारा, तेव्हा गुलाबी अळीचं फारसं कोणी नाव काढत नव्हतं, सगळी दहशत हिरव्या म्हणजे अमेरिकन बोंडअळीची. ती सिंथेटिक पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांना जुमानत नव्हती, लोक आठ दिवसाला फवारा मारत होते, दोन दोन औषधं एका पंपात कालवत होते. देशातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी पाचेक टक्क्यांवर कापूस आणि देशातली जवळपास निम्मी कीटकनाशकं त्याच्यावर, असा हिशेब तेव्हा सांगितला जायचा. १९९७-९८ला आंध्रात वारंगळकडे कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं सत्र झालं त्यात या अळीचा आणि औषधांच्या उधारीचा मोठा वाटा होता. म्हणजे बीटी आली ती काही शेतकऱ्याच्या डोक्यावर कोणी बंदूक ठेवली म्हणून नाही, गरज होतीच.

बीटी हे मुळात एका बॅक्टेरियाचं नाव, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१मध्ये जपानात इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला रेशमाच्या किड्यांच्या रोगात तो सापडला. रेशीमवाल्यांसाठी तो शत्रू, आपल्यासाठी दोस्त. दहा वर्षांनी जर्मनीत बर्लिनर नावाच्या माणसाला तो पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत मिळाला, थुरिंजिया प्रांतात, म्हणून हे नाव. १९३८ला फ्रान्समध्ये त्याची फवारायची पावडर विकायला आली आणि आजही सेंद्रियवाले बीटी फवारतात, ही गोष्ट बीटी म्हटलं की नाक मुरडणाऱ्या बऱ्याच लोकांना माहितीच नसते. हा बॅक्टेरिया एका प्रोटीनचे स्फटिक बनवतो. अळीच्या पोटात आम्ल नसतं, उलट तिथे अल्कली असते, त्यात तो स्फटिक विरघळतो, तिथलेच पाचक रस त्याला कापून चालू करतात आणि तो आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन चिकटतो, कुलपात किल्ली बसावी तसा. मग पेशींना भोकं पडतात, अळीचं खाणं बंद होतं आणि दोनचार दिवसांत खेळ खलास. आपल्या पोटात ते कुलूपच नाही आणि वातावरणही आम्लाचं, म्हणून आपल्याला काही होत नाही.

कुलूप-किल्लीचं एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण अळीने कुलूप बदललं की किल्ली गेली कामातून.

आता हे प्रोटीन बनवायची कृती, म्हणजे जीन, १९८१ला वॉशिंग्टन विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली या दोघांनी बॅक्टेरियातून वेगळी काढून दुसऱ्या साध्या बॅक्टेरियात चालवून दाखवली. क्लोनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डॉली मेंढीच येते पण लॅबमध्ये रोजच्या बोलण्यात क्लोनिंग म्हणजे हेच, एका जीनच्या कॉप्या काढणं. मग ती झाडात कशी घालायची? तर अॅग्रोबॅक्टेरियम म्हणून एक मातीतला बॅक्टेरिया आहे, तो झाडाला जखम झाली की आत स्वतःचा थोडा डीएनए सोडतो आणि तिथे गाठ येते, हा धंदा तो कोट्यवधी वर्षं करतोय. त्याच्यातली गाठ आणणारी जीन काढून तिथे आपल्याला हवी ती बसवली की तो कुरियरवाला. १९८३ला तीन-चार ठिकाणी हे एकदमच जमलं, बेल्जियमला गेंटमध्ये, अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन यांच्याकडे आणि मॉन्सॅन्टो कंपनीमध्ये. १९८७ला गेंटच्याच लोकांनी बीटीची तंबाखू केली. १९९६ला अमेरिकेत बोलगार्ड हा मॉन्सॅन्टोचा बीटी कापूस शेतात आला.

एक छोटी पण गमतीची गोष्ट. कापसाच्या एका पेशीपासून पूर्ण झाड टिश्यू कल्चरमध्ये उभं करणं भयंकर त्रासाचं, बहुतेक वाण दादच देत नाहीत. कोकर-३१२ नावाचं एक जुनं अमेरिकन वाण मात्र देतं. म्हणून जीन आधी त्या कोकरमध्ये घातली गेली आणि मग साधं परागीकरण करून करून, पिढ्या पिढ्या, आपल्याकडच्या वाणांत आणली. जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीने १९९५च्या सुमारास आणलं ते त्याच कोकरचं मूठभर बीटी बियाणं. म्हणजे आज विदर्भात डोलणाऱ्या प्रत्येक बोलगार्ड पऱ्हाटीची खापरपणजी अमेरिकेतली. पहिली जीन तरी.

सरकारी परवानगी यायच्या आधीच गुजरातेत कांड झालं. २००१च्या ऑक्टोबरमध्ये बोंडअळीने सगळी कपाशी फस्त केली आणि नवभारत-१५१ नावाच्या हायब्रीडचे प्लॉट तेवढे हिरवेगार उभे. तपासलं तर आत महिकोचीच जीन, परवानगी कसलीच नाही, हजारो एकर. दिल्लीने जाळून टाका म्हटलं, आपल्याकडे शरद जोशींची शेतकरी संघटना म्हणाली हात लावून दाखवा. शेवटी २६ मार्च २००२ला जीईएसीने, म्हणजे जीन बदललेल्या पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीने, तीन हायब्रीडना परवानगी दिली, मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. पाकिटाची किंमत सोळाशे रुपयांच्या आसपास, पुढे २००६ला आंध्र सरकार भांडलं तेव्हा साडेसातशेवर आली. त्याच २००६ला दोन जीनवालं बोलगार्ड-२ आलं. देशाची उत्पादकता २००१-०२ला हेक्टरी ३०८ किलो रुई होती, ती २००७-०८ला ५५४ झाली. सगळं श्रेय बीटीला देऊ नका, पाऊस चांगले होते, खतं वाढली, गुजरातेत पाणी आलं, पण अमेरिकन बोंडअळी बसली हे मात्र निर्विवाद. मोठेबाबा सांगतात त्या काळात त्यांनी पंप दोन वर्षं माळ्यावर टाकला होता.

आता त्या पाकिटाकडे येतो. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत एक १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, नॉन-बीटी बियाणं. नियम होता की वावराच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र यापैकी जे जास्त तेवढं हे लावायचं. इंग्रजीत रेफ्यूज, मराठीत कृषी खातं आश्रय पीक म्हणायचं. माझ्या घरी याचं काय व्हायचं ते सांगतो, फेकून द्यायचे, नाहीतर तुटाळी भरायला वापरायचे, नाहीतर काकू ती सरकी म्हशीच्या आंबोणात टाकायची. आणि मोठेबाबांचं म्हणणं चुकीचं कसं म्हणू, "मी आपल्या वावरात अळीले मुद्दाम जेवाले घालू?" पाकिटावर बारीक अक्षरात सूचना, दुकानदाराला स्वतःलाच माहिती नाही, आणि आतलं बी कित्येकदा भलत्याच कालावधीचं, उगवण धड नाही. काही पाकिटांत तर रेफ्यूज म्हणून चक्क तूर असायची.

या ओळींचं काम समजून घ्यायचं तर सोयरिकीसारखं बघा. समजा लाखात एखादी अळी अशी निघाली की जिचं कुलूप बदललेलं आहे, बीटी खाऊन जगली, पतंग झाली. आजूबाजूला सगळीकडे बीटीच असेल तर तिला जोडीदार कोण मिळणार? जगलेलाच, म्हणजे तिच्यासारखाच. दोघांची पोरं शंभर टक्के पक्की, बीटीला न जुमानणारी. पण बाजूला पाच ओळी साध्या कपाशीच्या असतील तर तिथून साधे, कच्चे पतंग हजारोंनी उडतात, हिची सोयरीक त्यांच्यातल्या कोणाशी तरी होते आणि पोरं निघतात अर्धीकच्ची. झाडात विषाचा डोस तगडा असला की ही अर्धीकच्ची मरतात. झालं, वंश थांबला. म्हणजे त्या १२० ग्रॅममध्ये अळीला जेवण नव्हतं, नवरदेव होते. हे एवढं कोणी मोठेबाबांना त्यांच्या भाषेत सांगितलं असतं तर त्यांनी लावलं असतं का? माहीत नाही, कदाचित तरी नसतं, सात एकरात जवळपास दीड एकर अळीला सोडणं सोपं नाही. पण सांगितलं तर नव्हतंच.

तुरीचं म्हणाल तर अमेरिकन बोंडअळीसाठी ती चालते. ती अळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटे खाते, म्हणून आपण रेफ्यूज लावलं नाही तरी तिच्यासाठी सगळा विदर्भच रेफ्यूज होता. ती अजून बीटीला बऱ्यापैकी मरते यात याचा मोठा हात आहे. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगणारी, तुरीकडे ढुंकूनही बघत नाही. जुनी माहेरवाशीण आहे ती इथली, शास्त्रात तिची पहिली नोंदच १८४०च्या दशकात भरूचकडच्या कापसावरून झालेली. तर तिला बीटीशिवाय दुसरं ताटच नव्हतं, आणि एका ताटात रोज विष मिळालं की जो पचवेल तोच उरतो.

मार्च २०१०मध्ये मॉन्सॅन्टोने स्वतःच कबूल केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बोलगार्डवर जगतेय. उपाय काय, तर बोलगार्ड-२ लावा. लोकांनी लावली. २०१४-१५पासून गुजरातेतच बोलगार्ड-२च्या बोंडांतही अळ्या दिसायला लागल्या, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लोक ओरडून सांगत होते. म्हणजे २०१७ हा काही आभाळातून पडलेला दगड नव्हता, शेजारच्या राज्यातून तीन वर्षं धूर दिसत होता.

माझ्या मते खरी मेख मात्र वेगळीच आहे, आणि ती बोंडात आहे. परत ते चिरलेलं बोंड डोळ्यासमोर आणा. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस म्हणजे सरळ वाण, दोन्ही बाजूंनी जीन असलेलं, त्याची प्रत्येक सरकी बीटीचीच. आपल्याकडे हायब्रीड. १९७०ला सुरतेला सी. टी. पटेलांनी जगातलं पहिलं व्यापारी कापूस हायब्रीड काढलं, एच-४, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाही, पण बीटीच्या बाबतीत ते आडवं आलं. हायब्रीड करताना एका पालकात बीटी जीन, दुसऱ्यात नाही. शेतकऱ्याच्या वावरातलं झाड म्हणजे अर्धं-अर्धं. झाडाला फरक पडत नाही, पानात, पात्यात, बोंडाच्या सालीत विष आहेच. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी आहे, आणि तिथे मेंडेलबाबाचा हिशेब लागतो. एका जीनचं झाड असेल तर चारातल्या एका सरकीत बीटी नाहीच. बोंडात तीसेक सरक्या धरल्या तर सात-आठ बिनविषाच्या. आणि गुलाबी अळी खाते काय? पान नाही, सरकी!

बोलगार्ड-२मध्ये जीन दोन, त्यामुळे दोन्ही नसलेली सरकी सोळात एकच. हिशेब बरा वाटतो. पण पहिली जीन तर ही अळी आधीच पचवून बसलेली, म्हणजे कामाची राहिली एकच, आणि आकडा परत चारात एक. एकाच बोंडात अळीला बिनविषाची सरकी, शेजारी कमी विषाची, तिच्या शेजारी पूर्ण विषाची. ती एकीवर अंगात जीव धरते, मग दुसरीची चव घेते. ज्या अर्ध्याकच्च्यांना तगड्या डोसने मारायचं होतं त्या अशा जगतात. आपण बोंडातच अळीसाठी तालीम उघडून ठेवली. केंद्रीय कापूस संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हे वेळोवेळी मांडलंय, आणि मला तरी हाच मुद्दा सगळ्यात कळीचा वाटतो. हायब्रीडच का? कारण सरळ वाणाचं बी शेतकरी घरी ठेवू शकतो, हायब्रीडचं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. (बीटीचं बी उगवतच नाही, वांझ असतं, ही निव्वळ अफवा आहे. उगवतं, फक्त पुढच्या पिढीत सगळी खिचडी होते.) सरकारी संस्थांनी २००९ला बिकानेरी नरमा नावाचं सरळ बीटी वाण काढलं होतं, बी घरी ठेवा म्हणून, पण त्यात मॉन्सॅन्टोचीच जीन निघाली आणि सगळं गुंडाळलं. नामुष्की झाली, आणि सरळ वाणाची गाडी वर्षानुवर्षं मागे गेली.

बाकीची कारणं गावात सगळ्यांना माहिती आहेत, पटकन सांगतो. हजारावर हायब्रीड बाजारात, कोणाचं फूल जुलैत तर कोणाचं सप्टेंबरात, म्हणजे अळीची पंगत सुरूच. पाणीवाल्यांची मे महिन्यातली लागवड, त्यामुळे जूनमध्ये कोषातून निघणारे पतंग, जे एरवी फुलंच न मिळाल्याने मेले असते, त्यांना ताट तयार. आणि फरदड. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायच्या ऐवजी एक पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवायची, दोन क्विंटल जास्त निघतात म्हणून. अळी थंडीत सरकीत झोपून राहते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत दडी मारते, ती सरकी जिनिंगला जाते, तिथून पतंग परत आजूबाजूच्या वावरात.

२०१७ला हे सगळं एकदम जमून आलं. ऑगस्टमध्ये डोमकळ्या दिसल्या होत्या हो, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, अळीने आतून जाळं विणून पाकळ्या बांधलेल्या. आम्ही पाहिल्या, सुंदर दिसतात म्हणून मी फोटोही काढला. अॅग्रीचा पदवीधर! तेव्हा त्या तोडून नष्ट करायच्या असतात. नंतर फवारे मारून उपयोग नसतो कारण अंड्यातून निघाली की अळी लगेच बोंडात शिरते आणि मागचं भोक बुजून जातं. तरी लोकांनी मारले, छातीपर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत, उकाड्यात, नाकाला फडकंही न बांधता, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसेक माणसं फवारणीच्या विषबाधेने गेली. त्यावर वेगळं लिहायला हवं, इथे दोन ओळींत उरकायची गोष्ट नाही ती.

आमचा एकरी साडेतीन क्विंटल आला, एरवी आठ. त्यातलाही निम्मा कवडी, म्हणजे किडका, वेचणारणी किलोमागे जास्त मागत होत्या कारण बोंड नीट उघडतच नव्हतं. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात मदत जाहीर झाली, कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५००. आकडा ऐकून गावात पेढे वाटायचे बाकी होते. फोड अशी होती की कोरडवाहूचे ६,८०० आपत्ती निधीतून, ८,००० पीकविम्यातून आणि १६,००० बियाणं कंपन्यांकडून. कंपन्या म्हणाल्या अळीने प्रतिकार कमावला हा बियाण्याचा दोष नाही. खरं सांगू, शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. पण वरचा बोंडातला हिशेब ज्यांना विकायच्या आधी माहिती असायला हवा होता त्यांच्या तोंडी ते शोभत नाही.

अॅरिझोनाचं उदाहरण मुद्दाम देतो. तीच अळी, तीच बीटी, पण शेतकऱ्यांनी रेफ्यूज इमानदारीत लावलं, आणि २००६पासून वांझ केलेले पतंग विमानातून अब्जावधींनी सोडले, त्यांना आधी लाल रंग खाऊ घातलेला, म्हणजे सापळ्यात आपला कोणता आणि परका कोणता ते कळावं. २०१८ला अमेरिकेने कापूस पट्टा गुलाबी अळीमुक्त जाहीर केला. आमची बोंडं चिरली त्याच्या पुढच्याच वर्षी. आता त्यांच्या शेतकऱ्याकडे हजार एकर, आपल्याकडे सात, त्यामुळे कॉपी-पेस्ट होणार नाही, मान्य. पण "बीटी फेल गेली" हे वाक्य तिथे लागू होत नाही एवढं तरी दिसतं.

नंतर आपल्याकडेही काही गोष्टी बदलल्या. नॉन-बीटी बी आता पाकिटातच मिसळून येतं, वेगळं फेकायची सोय नाही. बियाणं जूनच्या तोंडावरच हातात पडेल असं कृषी खातं बघतं. नवीन जीन मात्र आलेली नाही, तणनाशक सोसणारी बिनपरवाना चोरबीटी गावोगाव मिळते, २०१९ला अकोल्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरूनही दाखवली, पण ती तणासाठी, अळीला तिचं काही नाही.

मोठेबाबांनी चार एकर सोयाबीनला टाकलं. उरलेल्या तिनात दीडशे दिवसांचं वाण लावतात, डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटून वावर मोकळं, फरदडीचं नाव काढलं तर शिव्या. काठ्यांना कामगंध सापळे बांधलेत, त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर येऊन अडकतात. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग झाले की फवारा, असं मी सांगितलंय, तर ते रोज सकाळी मोजतात आणि मला फोन करतात, हॅलो वगैरे काही नाही, थेट आकडा. आज सकाळी म्हणाले, "पाच. आन् काल चार होते."